चंद्राचा दगड आणि आपला काळा पाषाण

नाशिकमध्ये तुम्हाला दगडांची आवड आहे हे चार लोकांना कळलं, की पाचवा रुमालात गुंडाळलेला काळा, जड दगड घेऊन येतोच. कुणाला शेतात सापडलेला, कुणी गोदापात्रातून उचललेला. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरल्यापासून विचारणंही ठरलेलं: "हा चंद्रावरचा असेल का हो?" मला हा प्रश्न मनापासून आवडतो. याच प्रश्नापाशी विज्ञान जवळपास १८० वर्षं अडलं होतं.

आकाशातून दगड पडतात, हे अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातल्या बहुतेक विद्वानांना पटत नव्हतं. ते पटवण्यात आपल्याकडच्या एका दगडाचा वाटा आहे. डिसेंबर १७९८ मध्ये बनारसजवळ अशनी पडले. त्यांचे तुकडे लंडनला पोचले आणि १८०२ मध्ये एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने हे आणि इतर ठिकाणचे अशनी तपासून त्यांच्या लोहकणांत निकेल असल्याचं दाखवलं. मग हे येतात कुठून? फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी चंद्रावरच्या ज्वालामुखींकडे बोट दाखवलं. चंद्राचं गुरुत्व कमी. सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटर वेग मिळाला, की दगड तिथून सुटतो. ही कल्पना बरीच वर्षं टिकली, मग मागे पडली. पुढे तर उलटंच मत रूढ झालं: चंद्रावर काही आदळून दगड उडाला, तरी एवढा वेग देणाऱ्या आघातात त्याचा चुरा होईल किंवा तो वितळेल, अखंड येणार नाही.

अपोलो मोहिमांनी १९६९ ते १९७२ या काळात ३८२ किलो चांद्रखडक आणि माती आणली. त्यातले काही नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने अभ्यासले. ताडून बघायला हातात खरा नमुना आला, हा या इतिहासातला सगळ्यात मोठा टप्पा, असं माझं मत आहे.

जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकाच्या ॲलन हिल्स भागात अमेरिकी पथकाला बर्फावर एक छोटा दगड मिळाला. वजन जेमतेम ३१ ग्रॅम, वर हिरवट-तपकिरी पापुद्रा. त्याचा काप पाहताना अशनींचे अभ्यासक ब्रायन मेसन यांना गडद भागात रुतलेले पांढरे तुकडे दिसले आणि ते चंद्रावरच्या ॲनॉर्थोसाइट या फिकट खडकासारखे वाटले. १९८३ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांचं एकमत झालं: हा दगड चंद्राचाच. मग जपानी पथकाने १९७९ मध्येच गोळा केलेला एक अशनीही चांद्र निघाला. तोवर तो ओळखलाच गेला नव्हता. चंद्रावरून दगड येतो म्हटल्यावर मंगळावरून का नाही, या शंकेलाही बळ मिळालं आणि १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटीला पडलेल्या अशनीकडे लोक नव्या नजरेने पाहू लागले. तो मंगळाचा आहे, हे आज मान्य आहे.

पुढे लिबिया, ओमान, वायव्य आफ्रिकेतल्या वाळवंटांतून असे दगड मिळत गेले. त्यांचं मोल वेगळंच आहे. अपोलोचे नमुने चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूच्या मोजक्या जागांचे. आघात मात्र कुठेही होतो, त्यामुळे अशनींत पलीकडच्या बाजूचे तुकडेही असणार.

ओळख पटवण्याचं काम किचकट आहे. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (म्हणजे कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण चंद्रावर जवळजवळ पृथ्वीसारखंच, त्यामुळे त्यावरून इतर बहुतेक अशनी बाद होतात, पण पृथ्वीचा दगड बाद होत नाही. तिथे लोह-मँगनीज गुणोत्तर उपयोगी पडतं. चंद्राच्या खडकांत ते सुमारे ७०, मंगळाच्या सुमारे ४०. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, चंद्राहून कमी. घरचं लोहचुंबक इथे फसवतं. चांद्र दगडात धातुरूप लोह फार थोडं असतं, म्हणून त्याला चुंबक जेमतेम ओढतं. आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असल्याने त्यालाही ते थोडंफार चिकटतं.

शोधायला नाशिकइतकी अवघड जागा नाही. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच आणि आपल्याकडे पांडवलेणी ज्यात कोरली तो डोंगरही बेसॉल्टचा. पांढऱ्या बर्फावर किंवा फिकट वाळूवर काळा दगड उठून दिसतो, इथे तो हजारो भावंडांत हरवतो. शिवाय दर पावसाळा त्याला कुजवतो. पण एक फरक इथल्या कुठल्याही खाणीत डोळ्यांनी दिसतो. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि झिओलाइट या खनिजाचे पांढरे, गुलाबी स्फटिक वाढले. या स्फटिकांच्या रचनेतच पाणी असतं. चंद्राच्या बेसॉल्टला असं झिरपणारं पाणी कधी मिळालंच नाही. म्हणून रुमालातला दगड हातात आला, की मी आधी त्याची फुटकी बाजू बघतो. पोकळीत पांढरे स्फटिक चमकले, की तो आपल्याच सह्याद्रीचा.