हायडेलबर्गचे जलरंगचित्र आणि जानेवारीचा उजेड

एखादे चित्र कोणाकडून कोणाकडे गेले याची नोंद कलाबाजारात प्रामुख्याने ते अस्सल आहे की नाही हे ठरवण्यासाठी तपासली जाते. जलरंगचित्राच्या बाबतीत मात्र ही नोंद रसायनशास्त्राच्या अभ्यासकालाही तितकीच मोलाची वाटते, कारण ते चित्र किती वर्षे कोणाच्या भिंतीवर होते आणि किती वर्षे पेटीत होते, यावरून त्याने किती उजेड सोसला याचा अंदाज बांधता येतो. इंग्रज चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर (1775–1851) याने 1846च्या सुमारास रंगवलेले ‘हायडेलबर्ग’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. हे चित्र आज एडिनबरो येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहात आहे. जर्मनीतील नेकार नदीकाठचे हे जुने विद्यापीठाचे शहर, नदीवरचा दगडी पूल आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सैन्याने उद्ध्वस्त केलेला टेकडीवरचा राजवाडा हे सारे टर्नरने उजेडात असे विरघळवले आहे की पडक्या भिंती दगडाच्या न वाटता धुक्याच्या वाटाव्यात.

ही किमया ज्या तंत्राने साधते, तेच तंत्र चित्राच्या जिवावर उठते. जलरंगात रंगद्रव्याचे बारीक कण अरबी डिंकाच्या पाण्यात मिसळून कागदावर अगदी पातळ थरात पसरवलेले असतात. प्रकाश या थरातून आत जातो, पांढऱ्या कागदावरून परततो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर पडतो, म्हणून रंग आतून उजळल्यासारखे दिसतात. पण तैलरंगात कणांभोवती तेलाचे आणि वर बहुधा वॉर्निशचे जे आवरण असते, ते येथे जवळजवळ नसतेच. उजेड, ऑक्सिजन आणि हवेतील ओलावा यांच्यापुढे कण उघडेच पडतात. प्रकाशाची ऊर्जा शोषून सेंद्रिय रंगद्रव्यातील रासायनिक बंध तुटतात, रेणूचे ऑक्सिडीकरण होते आणि रंग उडतो. उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही.

त्या काळच्या चित्रकारांच्या पेटीतील नीळ ही या दृष्टीने सर्वांत कुप्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकात ती मोठ्या प्रमाणावर बंगाल आणि बिहारमधून लंडनला जात असे. ढगांचा करडा रंग साधण्यासाठी नीळ आणि लोहयुक्त तांबडा रंग एकत्र करण्याची रीत होती. लोहाचा तांबडा टिकतो, नीळ उडते, आणि मूळचे पावसाळी ढग हळूहळू गुलाबी होतात. पाहणाऱ्याला ती सायंकाळ वाटते. अनेक वर्षे भिंतीवर राहिलेल्या अशा चित्राचा माउंट, म्हणजे भोवतीची पुठ्ठ्याची चौकट, काढला, तर त्याच्या कडेखाली झाकलेल्या पट्टीत कधीकधी मूळ निळसर छटा शाबूत सापडते, आणि एवढ्याशा जागेत दोन वेगवेगळी आकाशे शेजारी दिसतात.

जलरंगचित्रांचे रंग उजेडाने उडतात की नाही यावर 1886 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून कडाक्याचा वाद झाला. त्यानंतर रसेल आणि ॲबनी या दोन शास्त्रज्ञांनी रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या काचनळ्यांत ठेवून उन्हात तपासल्या. काही नळ्यांत दमट हवा होती, काहींत कोरडी, काहींत हायड्रोजन, तर काही निर्वात होत्या. 1888च्या त्यांच्या अहवालानुसार निळ्या-जांभळ्या टोकाचे किरण सर्वाधिक घातक ठरले, आणि निर्वात नळीत बहुतेक रंग टिकले.

हेन्री व्हॉन (1809–1899) या संग्राहकाच्या कानावर हा वाद आला नसेल असे मानणे कठीण आहे. टोप्यांच्या व्यवसायात वडिलांनी मिळवलेल्या संपत्तीवर त्याने कलासंग्रह उभा केला होता, आणि इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलचे ‘द हे वेन’ हे चित्र 1886 मध्ये त्यानेच लंडनच्या नॅशनल गॅलरीला दिले. टर्नरची 38 जलरंगचित्रे त्याने मृत्युपत्राने एडिनबरोला दिली. ती 1900 मध्ये तेथे पोहोचली आणि त्यांत ‘हायडेलबर्ग’ही होते. अट अशी, की चित्रे दरवर्षी केवळ जानेवारीत, सगळी एकत्र आणि विनामूल्य दाखवावीत. डब्लिनलाही त्याने 31 चित्रे याच अटीवर दिली.

विक्षिप्त श्रीमंताची लहर म्हणून ही अट हसण्यावारी नेता येणार नाही, कारण तिच्यामागचे गणित पक्के आहे. जानेवारीच्या आरंभी एडिनबरोत सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम 11 अंश वर येतो. किरणांना वातावरणाचा लांब पट्टा ओलांडावा लागतो आणि अतिनील भाग बराच गाळला जातो. त्यातच दिवसही तोकडा. आज कागदावरील कलाकृतींसाठी साधारण 50 लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) एवढा मंद प्रकाश योग्य मानतात. त्या हिशेबाने रोज 8 तास धरले, तर जानेवारीच्या 31 दिवसांत 12,400 लक्स-तास (लक्स गुणिले तास, म्हणजे प्रकाशाची एकूण मात्रा) भरतात. उलट, 200 लक्सच्या दिवाणखान्यात रोज 10 तास टांगलेल्या चित्रावर वर्षाला 7,30,000 लक्स-तास साचतात. दिवाणखान्यातील एक वर्ष म्हणजे जवळपास 59 जानेवारी! हानी एकूण मात्रेवर अवलंबून असल्याने दिवा मंद केला तरी मोजणी थांबत नाही, फक्त सावकाश चालते.

टर्नरचेच ‘हायडेलबर्ग विथ अ रेनबो’ हे दुसरे जलरंगचित्र 2013 मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात सुमारे 45 लाख पौंडांना विकले गेले. अशा लिलावाच्या सूचीत मालकांची नावे क्रमाने छापतात. त्या घरांत चित्र खिडकीसमोर होते की कपाटात, ही माहिती त्या यादीत सहसा नसते. आता अगदी बारीक ठिपक्यावर प्रखर प्रकाश टाकून रंग किती संवेदनशील आहे हे काही मिनिटांत तपासता येते, पण त्यातून पुढचा धोका कळतो, मागचा उजेड नाही. व्हॉनच्या संग्रहाबाबत मागचे उत्तर निदान 1900 पासून मृत्युपत्रातच लिहिलेले आहे.