‘आराकीमेंतारी’ : माहितीपटाआधीचा आराकी

अमेरिकी दिग्दर्शक ट्रॅव्हिस क्लोझ यांचा ‘आराकीमेंतारी’ हा माहितीपट 2004 साली आला. जपानी छायाचित्रकार नोबुयोशी आराकी यांचे आडनाव आणि ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द यांची सांधेजोड करून केलेले हे नाव खुद्द आराकींच्याच पठडीतले आहे. ग्रीक पुराणांतील कामदेव एरोस आणि मृत्युदेव थॅनॅटोस यांना एकत्र करून त्यांनी आधीच ‘एरोटोस’ असा शब्द घडवला होता. मात्र नावापलीकडेही या माहितीपटासमोर एक अडचण होती. ज्याचे व्यक्तिचित्र रेखाटायचे, तो माणूस तीन दशकांहून अधिक काळ रोज स्वतःचेच व्यक्तिचित्र रेखाटत आला होता आणि त्याचे ‘अधिकृत’ रूप त्याने स्वतःच पक्के करून ठेवले होते. काळा चष्मा, कपाळाच्या दोन्ही बाजूंना शिंगांसारखे वर वळवलेले केस आणि अखंड बडबड हे सारे त्या रूपाचेच भाग होत. त्यामुळे माहितीपटात काय आहे हे पाहण्याआधी हे रूप कसे घडत गेले, हे पाहणे आवश्यक ठरते.

आराकींचा जन्म 25 मे 1940 रोजी टोकियोच्या जुन्या, कष्टकऱ्यांच्या वस्तीचा भाग असलेल्या मिनोवा येथे झाला. वडील ‘गेता’ म्हणजे आपल्याकडच्या खडावांच्या जातीची लाकडी पादत्राणे बनवून विकत आणि हौसेने छायाचित्रेही काढत. घरापासून जवळच योशिवारा ही शतकानुशतके सरकारमान्य असलेली वेश्यावस्ती होती, आणि तिथल्या बेवारस मेलेल्या स्त्रियांचे मृतदेह ज्या जोकान-जी मंदिराच्या दारात आणून टाकले जात, त्याच मंदिराच्या आवारात लहानगा आराकी खेळत असे. या मंदिरात सुमारे 25,000 स्त्रियांच्या अस्थी आहेत असे सांगितले जाते. काम आणि मृत्यू या जोडीविषयी आराकी पुढे जे बोलत राहिले, त्याला त्यांनी स्वतः नेहमी याच अंगणाचा दाखला दिला. तो खराही असेल. पण ही आठवण त्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की तीही त्यांच्या व्यक्तिचित्राचाच भाग होऊन बसली आहे.

चिबा विद्यापीठात छायाचित्रण आणि चित्रपटाचे शिक्षण घेऊन ते 1963 साली देंत्सू या बलाढ्य जाहिरातसंस्थेत रुजू झाले. पुढच्याच वर्षी, टोकियोतील एका जुन्या इमारतीतल्या मुलांवर केलेल्या ‘साच्चिन’ या मालिकेला पहिला ‘तायो’ पुरस्कार मिळाला. दिवसा जाहिरातींची गुळगुळीत छायाचित्रे काढायची आणि उरलेल्या वेळात त्याच कचेरीची साधने स्वतःच्या कामाला जुंपायची, असा त्यांचा क्रम होता. 1970 साली कचेरीच्या झेरॉक्स यंत्रावर त्यांनी आपल्या छायाचित्रांचे अल्बम छापले आणि ते मित्रांना, समीक्षकांना, इतकेच नव्हे तर टेलिफोन डिरेक्टरीतून निवडलेल्या अनोळखी माणसांनाही टपालाने पाठवले.

त्याच संस्थेत त्यांना योको आओकी भेटली. 1971 साली दोघांनी विवाह केला आणि मधुचंद्राच्या छायाचित्रांचे ‘सेंटिमेंटल जर्नी’ हे पुस्तक आराकींनी स्वखर्चाने काढले. प्रती हजार आणि किंमतही हजार येन. आगगाडीत काहीशा उदास चेहऱ्याने बसलेली योको, हॉटेलच्या खोलीत शय्येवरची योको, यानागावा येथे होडीतल्या चटईवर अंगाची मुटकुळी करून झोपलेली योको. सोबतच्या मजकुरात आराकींनी फॅशनच्या छायाचित्रणातला खोटेपणा आपल्याला असह्य झाल्याचे लिहिले आणि छायाचित्रणाच्या सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे ‘शिशोसेत्सू’ असल्याचे सांगितले. लेखकाने स्वतःच्या खासगी आयुष्यातील घटना आडपडदा न ठेवता मांडायच्या, अशी ‘मी’ची कादंबरी म्हणजे शिशोसेत्सू. जपानी साहित्यात तिची परंपरा विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची आहे आणि या ‘मी’मध्ये मुखवटा किती व माणूस किती हा वादही तितकाच जुना आहे. आराकींनी ही परंपरा कॅमेऱ्यात आणली आणि तिच्याबरोबर तो वादही आला.

नेमक्या त्याच सुमारास जपानी छायाचित्रणात दुसरा प्रवाह जोरात होता. 1968–69 मध्ये निघालेल्या ‘प्रोव्होक’ या नियतकालिकाच्या तीन अंकांनी खरखरीत, हललेल्या, अंधुक छायाचित्रांची भाषा रूढ केली होती. आराकी त्या गटात नव्हते. त्यातील दाइदो मोरियामा मात्र त्यांचे पुढे स्नेही झाले आणि क्लोझ यांच्या माहितीपटात ते त्यांच्याविषयी बोलतानाही दिसतात.

आराकींना ‘प्रक्षोभक’ हे विशेषण चिकटले त्याला जपानी कायद्याचाही मोठा हातभार आहे. 1907 च्या दंडसंहितेतील 175 वे कलम अश्लील साहित्याच्या प्रसारास गुन्हा ठरवते. पण अश्लील म्हणजे काय, हे त्यात सांगितलेले नाही. व्यवहारात पोलिसांनी ही रेषा बराच काळ जघनकेशांपाशी आखली होती. ते दिसू न दिले, म्हणजे बाकी पुष्कळ काही खपून जाई. आराकी या रेषेवरून जाणीवपूर्वक ये-जा करत राहिले. टोकियोच्या शिंजुकू भागातील काबुकिचो वस्तीतल्या देहव्यापाराची 1983 ते 1985 या काळातील त्यांची छायाचित्रे नंतर ‘टोकियो लकी होल’ या पुस्तकात एकत्र आली. फेब्रुवारी 1985 मध्ये नवा कायदा अमलात आला आणि त्या व्यवसायातील अनेक ठिकाणे बंद झाली. 1988 साली त्यांची छायाचित्रे छापणारे ‘शाशिन जिदाइ’ हे मासिक पोलिसी कारवाईनंतर थांबले. 1992 मध्ये टोकियोतील एका प्रदर्शनावर छापा पडून त्यांना 3 लाख येन दंड झाला, आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रियात छापलेल्या त्यांच्या प्रदर्शन-पुस्तिकेच्या विक्रीवरून एका कलादालनाच्या क्युरेटरला अटक झाली. याच्या जेमतेम दोन वर्षे आधी छायाचित्रकार किशिन शिनोयामा यांचे ‘सांता फे’ हे नग्नचित्रांचे पुस्तक लाखोंच्या संख्येने खपले होते आणि त्यावर खटला झाला नव्हता, हे पाहिले म्हणजे कलम 175 चा अंमल किती लहरी होता हे कळते.

दरम्यान, 27 जानेवारी 1990 रोजी योकोचे कर्करोगाने निधन झाले. 1991 च्या ‘विंटर जर्नी’मध्ये आराकींनी तिचे अखेरचे दिवस, अंत्ययात्रा आणि नंतरची रिकामी बाल्कनी व बर्फात उडी घेणारी चिरो ही मांजर छापली, शवपेटीत फुलांनी वेढलेला योकोचा चेहराही छापला. यावरून शिनोयामांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला आणि दोघांत दुरावा आला. नग्नतेवरून आराकींना दोष देणारे बरेच जण या पुस्तकापाशी हळवे होतात, तर त्यांच्याच क्षेत्रातला एक सहकारी मात्र याच पुस्तकाला आक्षेपार्ह मानतो. माझ्या मते, त्यांच्याविषयीचा सर्वांत गंभीर वाद त्यांनी काढलेल्या, दोरीने बांधलेल्या स्त्रियांच्या छायाचित्रांवरून झाला नाही. तो या एका चेहऱ्यावरून झाला.

1990 च्या दशकात पाश्चात्त्य जगाने आराकींना डोक्यावर घेतले. आइसलंडची गायिका ब्योर्क हिच्या 1996 च्या ‘टेलिग्राम’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्यांचे छायाचित्र आले. क्लोझ यांचा माहितीपट या लाटेच्या भरात तयार झाला. त्यात ब्योर्क आहे, जपानी दिग्दर्शक-अभिनेते ताकेशी कितानो आहेत, अमेरिकी छायाचित्रकार रिचर्ड कर्न आहेत. संगीत जपानी हिप-हॉप संगीतकार डीजे क्रश यांचे आहे. योकोचा भाग हळवा आहे आणि उरलेल्या भागात आराकी हसतात, हसवतात, चौकट आपल्याकडे खेचून घेतात.

आज हा माहितीपट पाहताना मध्ये 2018 साल उभे राहते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, 2001 ते 2016 अशी सुमारे पंधरा वर्षे आराकींसाठी मॉडेल म्हणून उभ्या राहिलेल्या एका नर्तिकेने आपले म्हणणे स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले. आपल्याशी कधी लेखी करार झाला नाही, अनेकदा मोबदला मिळाला नाही, छायाचित्रे कुठे आणि कशी छापली जाणार हे विचारले गेले नाही, आणि जगासमोर प्रेरणास्थान म्हणून मिरवली जाणारी आपण प्रत्यक्षात वस्तूसारखी वागवली गेलो, असे तिने लिहिले. तिची पहिली छायाचित्रे निघाली त्यानंतर तीनच वर्षांनी ‘आराकीमेंतारी’ पडद्यावर आला होता.