संगणकांचा कालमेळ

नेटवर्कमधल्या सर्व संगणकांची घड्याळे एकाच वेळेवर ठेवण्याची पद्धत. बोलण्यात ‘टाइम सिंक’. संगणकाचे घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकावर चालते. त्यात दशलक्षात 20 भागांची चूक असली तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो, आणि खोली तापली की चाल आणखी बदलते.

यावर रूढ उपाय म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, अर्थात एनटीपी. डेलावेअर विद्यापीठातील डेव्हिड मिल्स यांनी तो रचला. 1985पासून तो वापरात आहे. खरी गोम प्रवासात आहे: सर्व्हरने, म्हणजे वेळ पुरवणाऱ्या संगणकाने, सांगितलेली वेळ पोहोचेपर्यंत शिळी होते. म्हणून चार नोंदी घेतात. समजा, खानापूरच्या एखाद्या पतसंस्थेतील संगणकाने आपल्या 10:00:00.000ला विचारणा केली. सर्व्हरला ती त्याच्या 10:00:02.040ला मिळाली, उत्तर 10:00:02.041ला निघाले आणि संगणकावर 10:00:00.081 झाले असताना पोहोचले. जाण्यायेण्यात 80 मिलिसेकंद गेले. दोन्ही वाटा सारख्या धरल्या, तर संगणक बरोबर 2 सेकंद मागे आहे. पण जाताना 60 आणि येताना 20 लागले असतील, तर हिशेब 20 मिलिसेकंदांनी चुकतो, आणि ही चूक त्या चार आकड्यांत कुठेच दिसत नाही.

भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. ती 82.5 अंश पूर्व रेखांशाची; बेळगावचा सूर्य तिच्या सुमारे अर्धा तास मागे चालतो, त्याच्याशी संगणकाला देणेघेणे नाही. निपाणीहून कागलकडे जाताना मोबाइलचे सर्कल बदलते, वेळ तीच राहते. मात्र एनटीपी फक्त जागतिक वेळ पुरवतो. साडेपाच तास मिळवण्याचे काम ज्या त्या यंत्राचे. उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्याचा डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारे यंत्र, नेमका अडीच तास पुढे दिसला, तर बहुधा सिंक ठीक असते, सेटिंगमध्ये चीनचा कालविभाग तसाच राहिलेला असतो. चोरीच्या तपासात फुटेज द्यायची वेळ आली की हे ध्यानात येते.

दुरुस्तीची रीतही सावध आहे. किरकोळ फरक घड्याळाची चाल किंचित वाढवून वा कमी करून भरून काढतात, म्हणजे खतावणीतल्या नोंदींची वेळ उलटी जात नाही. फरक 1000 सेकंदांहून मोठा दिसला, तर एनटीपीडी हा जुना प्रोग्राम, वेगळी सूचना दिलेली नसल्यास, दुरुस्ती न करता बंदच पडतो. यंत्र बंद असताना घड्याळ चालवणारा मदरबोर्डवरचा सेल संपलेल्या मशीनला त्यामुळे आधी हाताने वेळ लावून द्यावी लागते.