कोणती कादंबरी धरायची? स्टार वॉर्सच्या पुस्तकांची पार्श्वभूमी

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात स्टार वॉर्स या अंतराळातल्या लढायांच्या अमेरिकन सिनेमालिकेवरच्या कादंबऱ्या वाचणारे मोजकेच, पण जे आहेत ते जीव लावून वाचतात. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर सापडलेली जुनी प्रत गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेतून गावात पोचते, नाहीतर ऑनलाइन मागवलेली नवी आवृत्ती कुरिअरने येते. मग एकाच्या हातात 1993 सालचं पुस्तक असतं आणि दुसऱ्याच्या हातात 2017 सालचं. थ्रॉन हा साम्राज्याचा सेनानी दोन्हींत आहे, दोन्ही पुस्तकं एकाच लेखकाची आहेत, तरी हकिकती जुळत नाहीत. हान सोलोचा केसाळ साथीदार च्युबाका मेला की जिवंत आहे? हान आणि त्याची बायको लेया यांना मुलं किती? दोघंही आपापल्या पुस्तकापुरते बरोबर असतात आणि वाद मिटत नाही.

असा वाद सोडवायचा तर आधी पुस्तकाचं वर्ष पाहावं लागतं. प्रत्येक कादंबरी त्या वर्षी जेवढा सिनेमा अस्तित्वात होता तेवढ्याच आधारावर लिहिलेली असते. पुढे पडद्यावर वेगळं काही दिसलं की पुस्तकाला माघार घ्यावी लागते. अनेकांना वाटतं की हा नियम 2014 साली, जुनी पुस्तकं लेजंड्स म्हणून वेगळी काढली तेव्हा आला. प्रत्यक्षात तो पहिल्याच पुस्तकापासून चालू आहे.

पहिलं पुस्तक सिनेमाच्याही आधीचं. सिनेमा 25 मे 1977 रोजी लागला आणि त्याची कादंबरी बॅलंटाइनने नोव्हेंबर 1976मध्येच बाजारात आणली होती. मुखपृष्ठावर नाव दिग्दर्शक जॉर्ज लुकासचं असलं तरी लेखन अ‍ॅलन डीन फॉस्टरचं होतं. सिनेमावरून कादंबरी करणाऱ्या लेखकाला तयार सिनेमा बहुतेक वेळा पाहायला मिळतच नाही. त्याच्या हाती पटकथेचा एखादा मसुदा येतो आणि तेवढ्यावर त्याला तीनेकशे पानं उभी करायची असतात. आपल्याकडे दशावतारात आख्यान ठरलेलं असतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो, तसंच हे काम. फरक एवढाच, की इथे लेखकाचं बोलणं छापून कायमचं राहतं आणि पुढे आख्यानच बदलतं.

म्हणून 1976च्या पुस्तकात नायक ल्यूक अखेरच्या हल्ल्यात ब्लू तुकडीत आहे. सिनेमात ती तुकडी रेड झाली, कारण विमानांचं चित्रण निळ्या पडद्यापुढे करायचं होतं आणि निळ्या खुणा त्या पडद्यात विरून गेल्या असत्या. ल्यूक आणि त्याचा मित्र बिग्ज यांची टॅटूइन या ग्रहावरची भेट सिनेमातून कापली गेली, पुस्तकात मात्र ती राहिली. प्रस्तावनेत सम्राटाचं पॅल्पटिन हे नावही आहे. मूळ तिन्ही सिनेमांत ते एकदाही उच्चारलं गेलं नाही, पडद्यावर ते ऐकायला 1999 उजाडावं लागलं. पण त्या प्रस्तावनेतला पॅल्पटिन सत्तेवर आल्यावर आपल्याच अधिकाऱ्यांच्या मुठीत गेलेला, एकटा पडलेला राजकारणी आहे. सगळी सूत्रं आपल्या हाती ठेवणारा सिथ (दुष्ट शक्तीच्या पंथाचा) गुरू त्यात कुठेही दिसत नाही. दुसऱ्या सिनेमाच्या 1980च्या कादंबरीत डॉनल्ड ग्लटने ल्यूकचा गुरू योडाला निळसर कातडीचा केलं. तिसऱ्याच्या 1983च्या कादंबरीत जेम्स कान यांनी ल्यूकचे काका ओवेन यांना ल्यूकचा पहिला गुरू ओबी-वान याचा भाऊ करून टाकलं. या लेखकांना बेफिकीर म्हणणं अन्याय आहे. त्यांच्या टेबलावर जे कागद होते, त्यांत तसंच होतं किंवा काहीच नव्हतं.

आता फॉस्टरचं दुसरं पुस्तक. 1978 सालचं ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ ही या विश्वातली पहिली स्वतंत्र कादंबरी. ती आज वाचणारा दर वेळी बुचकळ्यात पडतो: हान सोलो कुठे आहे? सगळीकडे एवढं धुकं कशाला? आणि ल्यूक-लेया एकमेकांकडे असे का पाहतात? तिन्हींची उत्तरं कथेबाहेर आहेत. पहिला सिनेमा फारसा चालला नाही तर कमी खर्चात दुसरा काढता यावा, म्हणून ही कथा राखीव ठेवायची होती. हॅरिसन फोर्ड पुढच्या सिनेमासाठी करारबद्ध नव्हता, म्हणून हान गळला. धुक्याने वेढलेला मिंबन हा ग्रह निवडला, कारण धुकं असलं की मोठे सेट आणि दूरचे देखावे उभे करावे लागत नाहीत. सुरुवातीची अंतराळातली लढाईसुद्धा खर्चिक ठरेल म्हणून लुकासने काढायला लावली. आणि ल्यूक-लेया बहीणभाऊ आहेत हे तेव्हा कुणी ठरवलेलंच नव्हतं. सिनेमा तुफान चालला आणि त्या स्वस्तातल्या सिनेमाची गरजच उरली नाही, कादंबरी तेवढी मागे राहिली. 1983च्या तिसऱ्या सिनेमाने त्यांना बहीणभाऊ ठरवल्यावर तिची मध्यवर्ती नाती मोडीत निघाली. तरी मिंबन टिकला: 2018च्या ‘सोलो’ सिनेमात चिखलाने भरलेलं युद्धक्षेत्र म्हणून तो चाळीस वर्षांनी पडद्यावर आला. या पुस्तकातला कैबर स्फटिकही कायबर नावाने आज सगळ्या लाइटसेबरच्या (प्रकाशाच्या तलवारींच्या) मुळाशी आहे. जुन्या पुस्तकांना टाकाऊ म्हणणाऱ्यांसमोर हे एक उदाहरण ठेवलं तरी पुरतं.

ब्रायन डेलीच्या हान सोलोवरच्या तीन (1979-80) आणि एल. नील स्मिथच्या हानचा मित्र लँडो याच्यावरच्या तीन (1983) कादंबऱ्या मुद्दाम मुख्य कथेपासून लांबच्या कोपऱ्यात घडतात. सिनेमे अजून यायचे होते, तेव्हा मोठ्या पात्रांना हात लावायची सोय नव्हती. डेलीची पुस्तकं आजही झकास वाटतात. त्यानंतर काही वर्षं मोठ्यांसाठी नवी कादंबरीच आली नाही.

ही पोकळी भरली एका खेळाने. 1987 साली वेस्ट एंड गेम्सने टेबलावर खेळायचा रोलप्लेइंग खेळ काढला, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन खेळायचा. खेळणाऱ्यांना प्रत्येक परग्रही जमातीचं नाव, प्रत्येक जहाजाची लांबी, शस्त्रांचा पल्ला असं सगळं लागतं, आणि सिनेमात त्यातलं फारसं काही नव्हतं. रोडियन, ट्वीलेक ही जमातींची नावं या खेळाच्या पुस्तिकांतून आली. बँटम या प्रकाशनाच्या लू अ‍ॅरोनिकाने पुढाकार घेऊन नव्या कादंबऱ्यांचा परवाना मिळवला आणि टिमोथी झानला लिहायला बसवलं, तेव्हा लुकासच्या लुकासफिल्म कंपनीने त्याच्याकडे याच पुस्तिका संदर्भ म्हणून पाठवल्या. 1991 साली ‘एअर टू द एम्पायर’ आलं आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. सिनेमा येण्याची चिन्हं नसतानाही लोक या विश्वासाठी पैसे मोजतात, हे प्रकाशकांना त्या एका पुस्तकाने दाखवून दिलं.

झानने थ्रॉन आणि मारा जेड ही पात्रं दिली, राजधानीच्या ग्रहाला कोरुस्कंट हे नाव दिलं. हे नाव 1999च्या सिनेमाने जसंच्या तसं उचललं. पण याच मालिकेत पुढची मोठी टक्करही दडलेली होती. पहिल्या सिनेमात क्लोन युद्धांचा नुसता उल्लेख होता. झानने त्यावर स्वतःचं यंत्रशास्त्र बसवलं: स्पार्टी सिलिंडरमध्ये क्लोन वाढवायचे, पण साधारण वर्षाच्या आत घाईने वाढवले तर त्यांना वेड लागतं. थ्रॉनने यावर तोड काढली. सिलिंडरभोवती फोर्स ही या विश्वातली गूढ शक्ती अडवणारे यसालामिरी हे प्राणी ठेवले आणि मुदत पंधरा-वीस दिवसांवर आणली. कथेचा अख्खा डोलारा या आकड्यावर उभा आहे. 2002च्या सिनेमात मात्र कमिनो ग्रहावरची क्लोनची फौज दहा वर्षांपूर्वी नोंदवलेल्या मागणीतून तयार होते, आणि ती फौज रिपब्लिकच्या बाजूने लढते. झानच्या पुस्तकांवरून वाचकांची समजूत नेमकी उलटी झाली होती.

अशा भेगा बुजवायची एक पद्धत हळूहळू बसत गेली. बोबा फेट या शिकारी पात्राचंच पाहा. 1990च्या दशकातल्या एका कथेत त्याचं मूळ नाव जॅस्टर मेरील असल्याचं सांगितलं होतं. 2002च्या सिनेमाने तो जँगो फेटचा क्लोन ठरवला. त्याच वर्षी निघालेल्या एका कॉमिकने जॅस्टर मेरीलला जँगोचा गुरू केलं आणि बोबाने ते नाव कधीतरी वापरलं असेल एवढी फट ठेवली. जुनी कथा खोटी न ठरवता तिचा अर्थ वळवायचा, ही ती पद्धत. लुकासफिल्ममध्ये लीलंड ची 2000 सालापासून होलोक्रॉन नावाचा डेटाबेस सांभाळू लागले आणि त्यात नोंदींना दर्जे होते: जी म्हणजे खुद्द लुकासचं, पुढे टी म्हणजे टीव्ही, सी म्हणजे कादंबऱ्या-कॉमिक्स, एस म्हणजे दुय्यम, एन म्हणजे धरायचंच नाही. 2014च्या आधी सगळं सारखंच खरं होतं, असं बोलता बोलता पुष्कळदा ऐकू येतं. ते चूक आहे. कादंबऱ्या तेव्हाही सी दर्जाच्याच होत्या.

1999 साली परवाना पुन्हा बॅलंटाइनकडे, म्हणजे त्यांच्या डेल रे या छापाकडे आला आणि न्यू जेडाय ऑर्डर ही 19 कादंबऱ्यांची मालिका सुरू झाली. पहिल्याच ‘व्हेक्टर प्राइम’मध्ये आर. ए. साल्वातोरे यांनी च्युबाकाला मारलं, तेही सर्नपिडाल ग्रहावर चंद्र कोसळवून. पुस्तकांत कुणालाच खरा धोका नसतो, ही वाचकांची तक्रार मोडायला मोठं पात्र जायला हवं होतं. निर्णय धाडसी होता, आणि आमच्या मते योग्यही होता, कारण त्यानंतरची पानं जीव मुठीत धरून वाचावी लागतात.

पण 30 ऑक्टोबर 2012 रोजी डिस्नेने लुकासफिल्म विकत घेत असल्याचं आणि सातवा सिनेमा येत असल्याचं जाहीर केलं. त्या सिनेमात च्युबाका हवा होता. पुस्तकांत तो मेलेला, हान-लेयाची तीन मुलं मोठी झालेली, त्यांतला जेसन सिथ होऊन मेलेला. ही भेग बुजवण्यासारखी नव्हती. 25 एप्रिल 2014 रोजी निर्णय झाला: सहा सिनेमे आणि क्लोन वॉर्स मालिका धरायची, बाकीचं लेजंड्स या नावाखाली छापत राहायचं. त्याच सप्टेंबरात जॉन जॅक्सन मिलरची ‘अ न्यू डॉन’ ही नव्या हिशोबातली पहिली कादंबरी आली आणि यापुढे पुस्तक आणि पडदा यांचं वजन सारखं राहील असं सांगितलं गेलं.

व्यवहारात ते तसं राहिलं नाही. 2016च्या ‘अहसोका’ या कादंबरीतल्या घटना 2022च्या टेल्स ऑफ द जेडाय या मालिकेत वेगळ्या दिसल्या. केनन जॅरस या जेडायच्या कॉमिकमधला त्याच्या गुरूच्या मृत्यूचा प्रसंग 2021च्या द बॅड बॅच मालिकेत बदलून आला. म्हणून नवीन पुस्तक हातात आहे एवढ्यावर वाद जिंकता येत नाही. थ्रॉनचं तर सगळं दुहेरीच आहे: 1991-93ची तीन पुस्तकं लेजंड्समध्ये, आणि झाननेच 2017पासून लिहिलेली सहा पुस्तकं नव्या हिशोबात. दोन्ही संच वेगळे ठेवून वाचावेत. एकमेकांत मिसळले की पात्राची पार्श्वभूमी विसंगत वाटते.

जुनी प्रत घेताना मुखपृष्ठावर विसंबू नये. लेजंड्सची पट्टी 2014नंतरच्या छपाईवरच आहे, त्याआधीच्या प्रतीवर ती नसते. आतल्या कॉपीराइटच्या पानावर मूळ प्रकाशनाचं वर्ष असतं आणि बहुतेक वेळा खाली आकड्यांची ओळ असते. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे ती कितवी छपाई. मुखपृष्ठ फाडलेली प्रत घेऊ नये, कारण अमेरिकेत न विकलेल्या पेपरबॅकचं मुखपृष्ठ फाडून परत पाठवतात आणि उरलेलं पुस्तक नष्ट करायचं असतं. चर्चेत संदर्भ देताना पानाऐवजी प्रकरणाचा आकडा द्यावा, कारण ब्रिटिश, अमेरिकन आणि 2021पासूनच्या एसेन्शियल लेजंड्स आवृत्त्यांची पानं जुळत नाहीत.

किनाऱ्यावर या पेपरबॅकचं आयुष्य कमी असतं. कागद स्वस्तातला, आम्लयुक्त, आणि कणा नुसत्या गोंदावर. जांभ्याच्या भिंतीला पावसात ओल येते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं आणि पुस्तकं दाबून भरू नयेत. हवा खेळली नाही की आधी बुरशी येते, मागोमाग कसर. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, शाई उतरते. जुलै 2021मध्ये चिपळूणला आला तसा पूर आला तर चिखलाची प्रत मिटलेलीच धरून स्वच्छ पाण्यात विसळावी, उघडली की गाळ पानांत शिरतो. दोन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे सगळी पुस्तकं एकदम वाळवणं जमणार नसेल तर उरलेली प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत. वाळवताना दर वीस-पंचवीस पानांनी कोरा टिपकागद घालावा आणि तो काही तासांनी बदलावा. फार कागद कोंबले तर कणा उकलतो. पंख्याखाली उभं ठेवावं, उन्हात नको, पानं वाकडी होतात. पान हाताला गार लागत असेल तर आत ओल आहे असं समजावं, आणि ते गार लागेनासं झाल्यावरच पुस्तक वजनाखाली ठेवावं.