कुर्डुवाडी जंक्शन

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील रेल्वेस्थानक. मध्य रेल्वेच्या पुणे–सोलापूर मार्गावरील हे स्थानक बार्शी लाइट रेल्वे या नॅरोगेज (अरुंद मापाच्या) मार्गाचे मूळ ठिकाण म्हणून महत्त्वाचे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला, तेव्हा कापसाच्या व्यापाराची बार्शी पेठ त्याच्यापासून सुमारे ३५ किमी. दूर राहिली आणि बार्शीला जाण्याचे स्थानक म्हणून कुर्डुवाडीलाच ‘बार्शी रोड’ हे नाव पडले.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने २ फूट ६ इंच (७६२ मिमी.) मापाचा मार्ग टाकून १८९७ मध्ये बार्शी जोडली. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याच्या आखणीचे मर्म होते. भार अनेक आसांवर सारखा वाटला गेल्यामुळे हलके रूळ पुरत आणि तरीही मोठे डबे ओढता येत. हा मार्ग पुढे पंढरपूर (१९०६), लातूर (१९११) आणि मिरज (१९२७) येथपर्यंत वाढून सुमारे ३२५ किमी. लांबीचा झाला; आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांचीही त्याने मोठी सोय केली. मुख्य मार्गाचे ब्रॉडगेज (रुंद मापाचे) आणि या मार्गाचे नॅरोगेज असे दोन्ही मापांचे रूळ कुर्डुवाडीत एकत्र येत असल्याने पुढे जाणारा माल येथे एका गाडीतून दुसरीत भरावा लागे. नॅरोगेजच्या इंजिन-डब्यांची दुरुस्ती करणारा कारखानाही याच गावात होता.

सरकारने १९५४ मध्ये हा मार्ग चालवणारी बार्शी लाइट रेल्वे कंपनी विकत घेतली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पंढरपूर व लातूरचे मार्ग ब्रॉडगेज झाले. जुना लातूर मार्ग धाराशिव शहर वगळून जात असे. नवा शहरातून नेल्यामुळे येडशीपुढच्या जुन्या वाटेचा काही भाग वापरातून सुटला.

अशा जुन्या रेल्वेच्या जतनाचा विचार बहुधा चौथऱ्यावर मांडलेल्या एखाद्या इंजिनापाशी थांबतो. कुर्डुवाडीचे वेगळेपण मात्र दोन मापांच्या भेटीत आहे. म्हणून यार्डाची मूळ आखणी, माल बदलण्याचे फलाट, कारखान्यातील यंत्रे आणि सुटलेल्या मार्गावरील पूल यांचे नकाशे व छायाचित्रांसह एकत्रित दस्तऐवजीकरण होणे आणि जुन्या कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे अधिक निकडीचे आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक अधिनियमातील किमान शंभर वर्षांची अट १८९७ च्या बांधकामांना अडवत नाही. पण केवळ वयाने संरक्षण लाभत नाही, त्यासाठी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित व्हावी लागते.