उत्तर-उन्हाळ्यातील अल्पपरिचित दिनविशेष आणि ईमेल वार्तापत्रांचे नियोजन

उत्तर गोलार्धातील उन्हाळा उतरणीला लागतो तेव्हा, म्हणजे ऑगस्टच्या आरंभापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, फारसे न गाजलेले अनेक दिनविशेष येतात. त्यांचे निमित्त करून आपल्या वाचकांना किंवा ग्राहकांना ईमेल वार्तापत्रे पाठवण्याची पद्धत प्रामुख्याने अमेरिकेत रूढ झाली असून दिवसांची निवड, मजकुराची जुळवाजुळव, पाठवण्याचे वेळापत्रक आणि परिणामांची मोजदाद हे सारे या नियोजनात येते. नाताळ किंवा ब्लॅक फ्रायडे या नोव्हेंबरअखेरच्या मोठ्या विक्रीदिवसाच्या मोहिमांपेक्षा या मोहिमा आकाराने लहान आणि खर्चाने हलक्या असतात. दिवस नेमका निवडला तरच त्या साधतात, कारण मोठ्या सणात निमित्त वाचकाच्या मनात आधीपासून असते, तर येथे ते पाठवणाऱ्याला एका वाक्यात उभे करावे लागते.

या पद्धतीचे मूळ अमेरिकी सुट्ट्यांच्या रचनेत आहे. ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन झाला की पुढची संघराज्यीय सुट्टी थेट सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला येते. हा कामगार दिन १८९४ साली कायद्याने संघराज्यीय सुट्टी ठरला. मधल्या सुमारे दोन महिन्यांत ‘सुट्टीनिमित्त खास’ असे म्हणण्याजोगे काही नसते. सहलींमुळे घरे रिकामी असतात आणि कार्यालयांतून ‘मी रजेवर आहे’ अशी आपोआप जाणारी उत्तरे परत येतात. युरोपात ही शांतता अधिकच गडद असते. इटलीत १५ ऑगस्टच्या फेरागोस्तो या सुट्टीच्या आगेमागे कित्येक दुकाने आणि कचेऱ्या चक्क कुलूपबंद असतात. व्यवसायांनी व्यवसायांना पाठवायच्या पत्रांसाठी हा काळ म्हणूनच पडता मानला जातो. घरगुती ग्राहकाचे तसे नाही. तो समुद्रकिनाऱ्यावर असला तरी त्याचा फोन त्याच्याजवळ असतो, आणि इनबॉक्समधली स्पर्धा नोव्हेंबरच्या मानाने बरीच कमी असते.

ही पोकळी भरणारे दिवस कोठून येतात, हे पाहण्यासारखे आहे. काहींना राज्यसंस्थेचा आधार आहे. विमानाचे एक जनक ऑर्व्हिल राइट यांचा जन्मदिवस, १९ ऑगस्ट, हा राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३९ साली राष्ट्रीय विमानचालन दिन म्हणून घोषित केला. २१ ऑगस्टचा ज्येष्ठ नागरिक दिन रोनाल्ड रेगन यांच्या १९८८ च्या घोषणेतून आला. स्त्रियांना मताधिकार देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती २६ ऑगस्ट १९२० रोजी प्रमाणित झाली, त्या तारखेला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९७३ साली स्त्री समानता दिन म्हणून मान्यता दिली. पुढे असे स्मरणदिनांचे ठराव इतके बोकाळले की प्रतिनिधिगृहाने १९९५ मध्ये नियम बदलून ते मांडणेच बंद केले. त्यानंतर हे क्षेत्र जवळजवळ संपूर्णपणे खासगी उत्साहावर चालले आहे. २६ ऑगस्टचाच राष्ट्रीय श्वान दिन २००४ साली कॉलीन पेज यांनी सुरू केला, ८ ऑगस्टचा आंतरराष्ट्रीय मार्जार दिन २००२ साली प्राणिकल्याणासाठी झटणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने, तर ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारचा बिअर दिन २००७ साली कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे जन्मला. ३ ऑगस्टच्या कलिंगड दिनाला किंवा १० ऑगस्टच्या स्मोर्स (शेकोटीवर भाजलेले मार्शमेलो आणि चॉकलेट बिस्किटांत घालून केलेला खाऊ) दिनाला कोणी जन्मदाता विचारत नाही, आणि वार्तापत्राचे त्यावाचून काही अडतही नाही.

अशा दिवसांच्या याद्या करण्याची परंपरा ईमेलहून पुष्कळ जुनी आहे. मिशिगनमध्ये विल्यम आणि हॅरिसन चेस या बंधूंनी १९५७ साली सुरू केलेली वार्षिक दिनविशेषसूची वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आणि नभोवाणी केंद्रांवर वर्षानुवर्षे वापरात राहिली. २०१३ पासून नॉर्थ डाकोटातील मँडन येथून चालणाऱ्या नॅशनल डे कॅलेंडर या संकेतस्थळाने तेच काम सर्वांच्या हाती दिले. याचा तोटा असा झाला की एकाच यादीवरून शेकडो जण नियोजन करू लागले आणि ‘अल्पपरिचित’ दिवशीही इनबॉक्समध्ये एकाच छापाची पत्रे दिसू लागली. यादी समोर ठेवून महिन्याचे तीसही चौकोन भरणे हे नियोजन नव्हे. पाठवणारा काय विकतो किंवा काय सांगतो आणि वाचकाने त्याला आपला पत्ता कशासाठी दिला, या दोहोंशी ज्या दिवसाचा सरळ संबंध लागतो तेवढाच दिवस ठेवावा. संबंध जोडायला दोन वाक्यांहून अधिक खटपट लागली तर तो दिवस सोडून दिलेला बरा. एका हंगामात दोन किंवा तीन दिवस पुरेसे होतात.

निवडीनंतरचा नाजूक भाग म्हणजे लेबर डेपासूनचे अंतर. ही सुट्टी सोमवारला बांधलेली असल्याने तिची तारीख १ ते ७ सप्टेंबर अशी सरकत राहते, छोटे दिनविशेष मात्र बहुतांशी ठरल्या तारखेलाच येतात. २०२५ मध्ये लेबर डे १ सप्टेंबरला होता, म्हणजे २६ ऑगस्टचा श्वान दिन त्याच्या अवघे सहा दिवस आधी, मोठ्या विक्रेत्यांच्या सवलतपत्रांच्या ऐन गर्दीत सापडला. २०२६ मध्ये लेबर डे ७ सप्टेंबरला असल्याने तेच अंतर बारा दिवसांचे होते आणि त्या दिवसाला स्वतंत्र मोहीम पेलवते. गेल्या वर्षीचे वेळापत्रक नुसते वर्ष बदलून पुन्हा वापरणाऱ्यांची येथेच फसगत होते.

शाळांचेही असेच आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात, उदाहरणार्थ जॉर्जियात, शाळा ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात उघडतात, तर न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळा सामान्यतः लेबर डेनंतर. त्यामुळे १० ऑगस्टला शेकोटीभोवती बसून स्मोर्स खाण्याचे आमंत्रण देणारे पत्र न्यूयॉर्कच्या पालकाला सुट्टीच्या मध्यावर मिळते आणि अटलांटाच्या पालकाला मुलांचे डबे भरताना. वाचकांची यादी प्रदेशानुसार विभागलेली असेल तर दुसऱ्या गटाला तेच पत्र शनिवार-रविवार गाठून पाठवता येते.

नियोजन प्रत्यक्षात उलट्या दिशेने, म्हणजे दिनविशेषापासून मागे मोजत करतात. १३ ऑगस्टचा आंतरराष्ट्रीय डावखुरे दिन घ्या. हा दिवस १९७६ पासून पाळला जातो आणि सुमारे दहा टक्के लोक डावखुरे असतात. समजा, लेखनसाहित्य विकणाऱ्या एका छोट्या दुकानाला २०२६ साली हा दिवस साधायचा आहे. त्या वर्षी १३ ऑगस्ट गुरुवारी येतो. मागवलेली वस्तू घरी पोहोचायला पाच-सहा दिवस लागत असतील तर भेटवस्तू सुचवणारे पत्र ३ किंवा ४ ऑगस्टलाच जायला हवे. १३ तारखेला जाणारे पत्र विक्रीचे न राहता वाचनीय मजकुराचे व्हावे. त्यात उजव्या हातासाठी घडवलेली कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून फाकतात आणि कागद कापला न जाता दुमडतो, डावीकडून उजवीकडे लिहिताना तळहात ओल्या शाईवरून फिरतो, म्हणून डावखुऱ्याला लवकर सुकणारी शाई लागते, असे तपशील द्यावेत. असा मजकूर उजव्या हाताचा वाचकही रस घेऊन वाचतो. पत्राच्या शेवटी ‘तुमच्या घरी कोण डावखुरे आहे?’ एवढा एकच प्रश्न, उत्तरादाखल दाबायच्या दुव्यासह, ठेवला तर पुढल्या वर्षासाठी नेमक्या वाचकांचा गट आपोआप तयार होतो. त्या दिवशीच्या विक्रीपेक्षा ही माहिती अधिक मोलाची ठरते. सब्जेक्ट लाइनमध्ये दिवसाचे नाव घालावे की नाही याविषयी मतभेद आहेत. तथापि, जो दिवस वाचकाला ठाऊकच नाही त्याचे नाव प्रथम घेण्यापेक्षा कात्रीचा किंवा शाईचा उल्लेख आधी करणे अधिक सयुक्तिक दिसते.

काही तारखांना औचित्याची जपणूक करावी लागते. लुई दागेर यांची छायाचित्रणाची प्रक्रिया फ्रेंच सरकारने १९ ऑगस्ट १८३९ रोजी जगाला खुली केली, म्हणून ती तारीख जागतिक छायाचित्रण दिन झाली. त्याच तारखेला २००३ साली बगदादमधील संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर बाँबहल्ला होऊन त्यांचे विशेष प्रतिनिधी सर्जियो व्हिएरा दि मेलो यांच्यासह बावीस जण मृत्युमुखी पडले आणि तिला पुढे जागतिक मानवता दिन म्हणून मान्यता मिळाली. कॅमेऱ्यांवरील सवलतीचे पत्र त्या दिवशी जाऊ नये असे नाही, पण एखाद्या मदतसंस्थेने त्याच दिवशी विनोदी पत्र पाठवणे शोभत नाही. २६ ऑगस्टला कुत्र्यांचे कौतुक आणि स्त्रियांच्या मताधिकाराचे स्मरण एकत्र येतात, आणि दोन्ही एकाच पत्रात कोंबण्याचा मोह टाळलेलाच बरा. प्राण्यांच्या खाद्याचे विक्रेते बहुधा श्वान दिनावर थांबतात, वास्तविक त्यांच्या यादीतील काही ग्राहकांनी त्या वर्षात आपला कुत्रा गमावलेला असतो. दोनच दिवसांनी, २८ ऑगस्टला, गेलेल्या पाळीव प्राण्यांच्या स्मरणाचाही एक दिवस आहे. मातृदिनाची पत्रे नको असल्यास तसे कळवा, अशी सोय ब्रिटनमधील ब्लूम अँड वाइल्ड या फुलविक्रेत्याने २०१९ मध्ये दिली. श्वान दिनाच्या आधी त्याच धर्तीचे दोन ओळींचे पत्र पाठवण्यास फारसे कष्ट पडत नाहीत.

कायदा आणि तांत्रिक अटी छोट्या मोहिमेलाही मोठीइतक्याच लागू असतात. अमेरिकेत १ जानेवारी २००४ पासून अमलात असलेल्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार फसवी सब्जेक्ट लाइन चालत नाही, पत्रात पाठवणाऱ्याचा टपालपत्ता द्यावा लागतो आणि यादीतून नाव काढण्याची विनंती कामकाजाच्या दहा दिवसांत मानावी लागते. कॅनडाचा २०१४ पासूनचा आणि युरोपीय संघाचा २०१८ पासूनचा कायदा संमतीच्या बाबतीत याहून कडक आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांवर आणखी अटी घातल्या. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्याला आपल्या डोमेनची ओळख पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी कराव्या लागतात, एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब करण्याची सोय द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. ही शेवटची अट दिनविशेषांच्या हौशीला वेसण घालते. ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही अशा दिवसाचे पत्र पाहून वाचक ते नुसते पुसत नाही, पुष्कळदा स्पॅमचे बटण दाबतो, आणि ऑगस्टमध्ये पाठवणाऱ्याचे असे बिघडलेले नाव नोव्हेंबरच्या खऱ्या हंगामात भोवते. सावध नियोजक म्हणूनच ऑगस्टच्या छोट्या मोहिमांचा उपयोग यादी चाळण्यासाठी करतात आणि कित्येक महिने काहीच न उघडणाऱ्यांची नावे शरद ऋतूपूर्वी वगळतात.

परिणाम मोजताना पत्र किती जणांनी उघडले हा आकडा आता भरवशाचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आणलेली मेल गोपनीयतेची सुविधा पत्रातील चित्रे वाचकाच्या वतीने आधीच उतरवून घेते, त्यामुळे न वाचलेले पत्रही उघडल्याचे दिसते. क्लिक, उत्तरे आणि खरेदी हे आकडे त्यामानाने विश्वासार्ह असतात. त्याहून चांगली पद्धत म्हणजे यादीतील दहावा हिस्सा सोडत पद्धतीने बाजूला काढून त्यांना ते पत्र मुळीच न पाठवणे आणि दोन्ही गटांची त्या आठवड्यातील खरेदी ताडून पाहणे. ज्यांनी एरवीही खरेदी केलीच असती अशांचे श्रेय दिनविशेषाला जाण्याचा दोष त्यामुळे टळतो. लहान यादीत मात्र हा फरक योगायोगात बुडून जातो, तेव्हा दोन-तीन वर्षांचे आकडे एकत्र पाहावे लागतात.

अमेरिकी दिनविशेषसूची भारतात जशीच्या तशी उचलण्यात मुख्य अडचण ऋतूचीच आहे. ‘उन्हाळ्याला निरोप’ देणारे पत्र पुण्यातील वाचकाला भर श्रावणात, छत्री झटकत असताना मिळते. येथे त्या काळाला साजेसे दिवस निराळे आहेत. १९०५ च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून २०१५ पासून पाळला जाणारा ७ ऑगस्टचा राष्ट्रीय हातमाग दिन, ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांच्या स्मरणाचा १२ ऑगस्ट, ध्यानचंद यांच्या जन्माचा २९ ऑगस्ट, किंवा गोव्यातील दिवाडी बेटावर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी होणारा बोंदेरां हा झेंड्यांचा उत्सव. पैठणी किंवा हिमरू विकणाऱ्याला ७ ऑगस्टसारखे सरळ निमित्त शोधून सापडायचे नाही. पोळा, नारळी पौर्णिमा आणि गणेशोत्सव यांच्या तारखा तिथीनुसार हलतात, आणि अधिक महिना आला की त्यांची उडी मोठी असते. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तर ज्येष्ठ अधिक असलेल्या २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला येते. अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांना याचा हिशेब दुहेरी करावा लागतो. २०२५ मध्ये चतुर्थीनंतरचा शनिवार-रविवार लेबर डेच्या जोडसुट्टीत आल्यामुळे आरतीचे निमंत्रण बाहेरगावच्या बेतांआधी पोहोचणे गरजेचे होते, तर २०२६ मध्ये ती सुट्टी चतुर्थीच्या एक आठवडा आधीच उलटून गेलेली असेल आणि तेच पत्र लेबर डेनंतरच्या मंगळवारी निघाले तरी चालेल.