फोडणीला ओरडतो, म्हणून काढून ठेवला

आमच्या घरातला धुराचा अलार्म पहिल्यांदा वाजला तो शेंगाचटणीच्या दिवशी. लाल मिरच्या तव्यावर पडल्या, सगळ्यांना ठसका लागला आणि छताला चिकटवलेली ती पांढरी डबी किंचाळायला लागली. आईने स्टुलावर चढून तिच्यातले दोन पेन्सिल सेल काढले. एक घड्याळात गेला, एक रिमोटमध्ये. परदेशातही अलार्म बंद पडण्याचं एक नेहमीचं कारण हेच: स्वयंपाकाच्या धुराला वैतागून माणसं सेल काढून टाकतात.

चूक डबीची नव्हती, जागेची होती. या अलार्मचे मुख्य प्रकार दोन. एकात अमेरिसियम-241 या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अगदी सूक्ष्म कण असतो. त्याच्या किरणांमुळे आतल्या हवेतून बारीकसा विद्युतप्रवाह वाहत राहतो. धुराचे कण शिरले की तो मंदावतो आणि भोंगा वाजतो. भडकलेल्या ज्वाळेचा धूर तो चटकन पकडतो, पण फोडणीलाही तोच जास्त फसतो. दुसरा प्रकार कळायला सकाळचा कवडसा आठवावा. उन्हाची तिरीप खोलीत आली की एरवी न दिसणारी धूळ चमकते, कारण कण प्रकाश इकडेतिकडे उधळतात. या डबीत अंधार असतो, एक छोटा दिवा असतो आणि त्या दिव्याचा झोत थेट पडणार नाही असा बाजूला बसवलेला प्रकाशसंवेदक. धूर शिरला की प्रकाश उधळून त्याच्यापर्यंत पोचतो. हा प्रकार धुमसणाऱ्या आगीला तरबेज.

आणि आमच्या सोलापूरचा माल म्हणजे सूत. कापूस लगेच पेटतोच असं नाही. गाठीत, गादीत, चादरींच्या थप्पीत तो तासन्‌तास ज्वाळेविना धुमसू शकतो. शहराच्या पूर्व भागात कितीतरी घरांत खाली माग आणि वर बिछाने. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, तेव्हा तिथेच राहणाऱ्या मालकाच्या कुटुंबातले आणि कामगार मिळून आठ जण गेले. त्यांत एक लहान मूलही होतं. अलार्म असता तर काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही. पण वेळ पहाटेची होती, ते महत्त्वाचं.

धुराचा वास आला की जाग येईलच, असं आपण धरून चालतो. गाढ झोपेत नाक जवळजवळ बंद असतं. कान मात्र जागा असतो. त्यात धुरातला कार्बन मोनॉक्साइड बिनवासाचा, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो.

इंग्लंडमध्ये 2015 पासून खासगी भाड्याच्या घरांत अलार्म सक्तीचा आहे. स्कॉटलंडने फेब्रुवारी 2022 पासून सगळ्याच घरांना तो लागू केला, तोही एक वाजला की सगळे वाजतील असा जोडलेला. जपानने 2006 मध्ये नव्या घरांपासून सुरुवात केली. आपल्याकडे अग्निसुरक्षेचा सगळा भर उंच इमारती, कारखाने, मॉल यांच्यावर. दुमजली घराच्या छताकडे कुणी बघत नाही.

माझ्या मते सक्ती हवी, पण सरसकट नको. जिथे माग आणि बिछाना एकाच छपराखाली आहे, तिथून सुरुवात करावी. नियमात नुसतं ‘अलार्म लावा’ असं असेल तर लोक सर्वांत स्वस्त डबी स्वयंपाकघरात लावून मोकळे होतील. प्रकाशावर चालणारा, झोपायच्या खोलीबाहेर आणि जिन्याच्या तोंडाशी, इतकं तरी लिहायला हवं. मागाचा रुवा आत साचला की अलार्म खोटा वाजतो, म्हणून अधूनमधून साफ करणं आलं. शिवाय दहा वर्षांनी डबीच बदलायची असते, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

आमचा अलार्म आता पॅसेजमध्ये आहे, नव्या सेलांसह. परवा दुपारी चाचणीचं बटण दाबलं. आई दचकून बाहेर आली, शेजारच्या काकू गॅलरीतून डोकावल्या. पाचवीतला मुलगा कूससुद्धा न बदलता झोपलेला. नंतर वाचलं, की अलार्मच्या चिरक्या आवाजाला लहान मुलं बऱ्याचदा उठत नाहीत. त्यांच्यासाठी 520 हर्ट्‌झचा खालच्या पट्टीतला आवाज जास्त परिणामकारक ठरतो. तसा अलार्म इथल्या दुकानांत काही मिळाला नाही. तेव्हा सध्या ठरलंय असं: भोंगा आम्हाला उठवेल, आणि मुलाला उचलायचं काम आमचं.